रेघेखालची नावं: नव्या स्टाफ नर्सचे पहिले नव्वद दिवस

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगचे निकाल लागले की पुढच्या काही आठवड्यांत एकेका हॉस्पिटलात सहा-आठ नवी मुलं-मुली एकदम रुजू होतात. वर्ष सरेपर्यंत त्यांतली निम्मी दिसेनाशी झाली, की दोष पगारावर टाकला जातो. पगाराचं कारण खोटं नाही. पण तिसऱ्याच दिवशी इव्हिनिंगला तीस बेडचा वॉर्ड एक सीनियर आणि एक नवखी यांच्यावर सोडला, तर ती नवखी काम शिकत नाही, घाबरून दिवस ढकलते. आणि घाबरलेली नर्स विचारत नाही, लपवते.

म्हणून सगळ्यात आधी ड्यूटी चार्ट. महिन्याचा चार्ट काढताना नेहमीच्या स्टाफची नावं संपली की खाली एक ठळक रेघ मारा आणि नव्यांची नावं रेघेखाली लिहा. रेघेखालचं नाव शिफ्टच्या मोजणीत धरायचं नाही. कोणी रजेवर गेलं, कोणाचा फोन आला, कॅज्युअल्टीत गर्दी झाली, तरी नाही. जनरल वॉर्डात सहा आठवडे, आयसीयू, लेबर रूम, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) आणि कॅज्युअल्टीत बारा आठवडे. पुढे लिहिलेलं बाकी सगळं या रेघेवर उभं आहे. ती पाळायची नसेल तर इंडक्शनच्या फाइलला छान कव्हर घालून ठेवा, एनएबीएचच्या (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासणीला दाखवता येईल, वॉर्डात उपयोग होणार नाही.

हे नियोजन ५० ते १५० बेडच्या हॉस्पिटलातल्या मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टरना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मोठ्या ठिकाणी नर्सिंग एज्युकेटर असतात. इथे बहुतेक वेळा मेट्रनच एज्युकेटर, मेट्रनच सुपरवायझर आणि लग्नसराईत मेट्रनच नाइट ड्यूटीला.

रुजू होण्याआधी

एकाच वॉर्डात एका वेळी दोनपेक्षा जास्त नवखे टाकू नका. आठ जण एकदम मिळाले तर चार वॉर्डांत दोन-दोन. तेवढे वॉर्ड नसतील तर पंधरा दिवसांच्या अंतराने दोन तुकड्यांत बोलवा. दुसरी तुकडी हातची जाईल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय एकच, नेमणुकीचं पत्र आणि रुजू होण्याची तारीख आधीच लेखी देणं.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तपासा. प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरेशी नाही. क्रमांक, नाव आणि वैधता पडताळून घ्या. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यामुळे दुसरीकडून अनुभव घेऊन आलेल्यांची मुदत संपलेली सापडते. नुकत्याच पास झालेल्यांचा घोळ वेगळा असतो, निकाल हातात आणि नोंदणी प्रक्रियेत. नोंदणी क्रमांक येईपर्यंत त्या व्यक्तीला नर्स म्हणून स्वतंत्र काम देता येत नाही. तोवर ती रेघेखालीच राहील, सहा आठवडे उलटून गेले तरी. मूळ प्रमाणपत्रं पाहून त्याच दिवशी परत द्या. ती कपाटात अडकवून ठेवली म्हणून कोणी मनापासून काम केल्याचं उदाहरण नाही.

हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (शून्य, एक आणि सहा महिने) झाले आहेत का, हे तोंडी विचारू नका, कार्ड मागा. ‘कॉलेजात घेतले होते’ हे उत्तर दहातल्या सात जणी देतील आणि त्यांतल्या काहींचा तिसरा डोस राहिलेला असेल. डोस पूर्ण असतील तर अँटिबॉडी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) करा. १० मिली-आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी ही तपासणी करणं सगळ्यात भरवशाचं.

युनिफॉर्म, लॉकर, हॉस्टेलची किल्ली, मेसच्या वेळा, पगाराची तारीख, ओळखपत्र, कॉम्प्युटरचा पासवर्ड, हे सगळं पहिल्या दिवशी सकाळी तयार हवं. पासवर्डावर खास जोर. तो नसला की नवी नर्स सीनियरच्या लॉगिनने नोंदी करते, आणि तीन महिन्यांनी एखाद्या औषधाची नोंद कोणी केली हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिला आठवडा: हॉलमध्ये कमी, वॉर्डात जास्त

सहा दिवस रोज नऊ ते एक वर्ग आणि दुपारी दोन ते चार वॉर्डात फक्त पाहणं, असं ठेवा. सलग सात तासांच्या स्लाइड शोमधलं दुसऱ्या दिवशी काहीही आठवत नाही.

पहिल्या दिवशी ओळखी आणि फेरी. फेरी म्हणजे ‘हे ओटी, हे रेडिओलॉजी’ नव्हे. नवखीने स्वतःच्या हाताने पाच गोष्टी करायच्या: क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) उघडून अड्रेनलिन कुठल्या खणात आहे ते शोधणं, ऑक्सिजनच्या पाइपलाइनचा बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवणं, जंबो सिलेंडर चावीने उघडून फ्लोमीटर लावणं, कोड ब्ल्यूचा (पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबल्यावर मदत बोलवायचा) नंबर फिरवून ‘ट्रायल कॉल’ म्हणणं, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं तो जिना उतरून दाखवणं. सिलेंडरची चावी नेमकी कुठे टांगलेली असते हे ज्या नर्सला माहीत नाही, तिच्यासाठी भरलेला सिलेंडर असून नसल्यासारखा.

दुसरा दिवस हात आणि कचरा यांचा. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग सगळ्यांना पाठ असतात, चुकतो तो पेशंटच्या भोवतालाला हात लावल्यानंतरचा. मॉनिटरचं बटण दाबलं, बेडचं रेलिंग सरळ केलं आणि तसंच पुढच्या बेडवर. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचे चार रंग खऱ्या वस्तू हातात देऊन शिकवा. ड्रेसिंग, प्लासेंटा, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या व्हायल आणि अ‍ॅम्प्यूल निळ्यात. डबा पाऊण भरला की बंद. टोचण्याच्या बऱ्याच घटना भरून वाहणाऱ्या डब्यात सुई दाबताना आणि सुईवर टोपण परत लावताना होतात.

तिसरा दिवस पूर्ण औषधांचा, त्याबद्दल पुढे. चौथ्या दिवशी पुतळ्यावर सीपीआर (मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास) आणि यंत्रं: सिरिंज पंप, इन्फ्युजन पंप, सक्शन, मॉनिटर, डिफिब्रिलेटर. पाचवा नोंदी, ओळख-पट्टा, संमतीपत्र, एमएलसीचे (पोलिसांना कळवायच्या केसचे) कागद. सहाव्या दिवशी रजा, तक्रार, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि अंतर्गत समिती. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर कागदावर छापून द्या. नोटीस बोर्डावर आहेत म्हणू नका. त्या बोर्डासमोर उभं राहून नंबर टिपून घ्यायची हिंमत कोणाची होत नाही.

औषधं: नव्याण्णव टक्के म्हणजे नापास

तिसऱ्या दिवशी दहा गणितांचा पेपर द्या. पास होण्यासाठी दहापैकी दहा. नऊ आले तर चुकलेला प्रकार समजावून दुसऱ्या दिवशी नवा पेपर. गणितं वॉर्डातली असावीत, पुस्तकातली नाही. उदाहरणार्थ:

५०० मिली एनएस (नॉर्मल सलाइन) चार तासांत द्यायचं आहे, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हेच मायक्रो सेटने, म्हणजे ६० थेंबांच्या, तर १२५. इथे मुद्दा गणिताचा कमी आणि सेटचं पाकीट वाचण्याचा जास्त.

बारा किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.२ मिली, २५०चं असेल तर ३.६ मिली. बाटलीवर औषधाचं नाव एकच असतं. घरून आणलेली बाटली आणि फार्मसीची बाटली वेगवेगळ्या ताकदीची निघणं ही बालरोग वॉर्डातली नेहमीची गोष्ट.

आता इन्सुलिन. यासाठी अर्धा तास वेगळा काढा, कारण आपल्याकडे दोन ताकदींचं इन्सुलिन एकाच वॉर्डात नांदतं. व्हायल बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीची, पेनची काडतुसं १०० युनिट प्रति मिलीची. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘१० युनिट’ ओढले, तर त्या रेषेपर्यंत पाव मिली येतं आणि पेशंटला जातात २५ युनिट. अडीचपट. नवखीच्या समोर दोन्ही सिरिंज, रिकामी व्हायल आणि रिकामं काडतूस ठेवा, साधं पाणी भरून ही चूक तिच्या हातून मुद्दाम करून घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं ती विसरत नाही. उलट चूकही होते. ५० मिलीत ५० युनिटचं इन्फ्युजन बनवताना ४०च्या व्हायलमधून १.२५ मिली घ्यायला हवं. १०० समजून अर्धा मिली घेतलं तर २० युनिटच पडतात आणि रात्रभर शुगर का उतरत नाही याचं कोडं सुटत नाही. नियम सोपा ठेवा: काडतुसात सिरिंज घालायची नाही, इन्सुलिन साध्या सिरिंजने मोजायचं नाही, डोस दोघींनी बघायचा.

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अ‍ॅम्प्यूल म्हणजे १५ टक्के द्रावण, २० मिलिइक्विव्हॅलंट. ती प्लॅस्टिकची असली तर डिस्टिल्ड वॉटरच्या अ‍ॅम्प्यूलसारखी दिसते. जनरल वॉर्डाच्या ट्रॉलीत ती ठेवूच नका. फार्मसीतून पेशंटच्या नावाने मागवा. थेट शिरेत कधीही नाही. सलाइनमध्ये घालताना लटकवलेल्या बाटलीत घातलं आणि बाटली उलटसुलट केली नाही, तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नेमकं सेटच्या तोंडाशी साठतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकवटून जातं. आधी बाटली उतरवा, घाला, दहा वेळा उलटी-सुलटी करा, लेबल लावा, मग टांगा.

अशाच आणखी दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात सांगून ठेवाव्यात. फेनिटॉइन (फिटचं औषध) डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की खडे होतात, ते एनएसमध्येच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) एका लाइनमधून एकत्र सोडायचं नाही; आरएलमध्ये कॅल्शियम असतं.

तोंडी ऑर्डर फक्त तातडीच्या वेळी. नर्सने लिहायची, मोठ्याने परत वाचायची, डॉक्टरांचा होकार ऐकायचा आणि २४ तासांत सही घ्यायची. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ अशी शंका आली तर आकडे सुटे विचारायचे: ‘एक-पाच का, सर?’

औषधं स्वतंत्रपणे देण्याची लेखी परवानगी तिसऱ्या आठवड्याच्या आधी नको. त्याआधी प्रिसेप्टर (नवखीला शिकवायला नेमलेली सीनियर) शेजारी उभी असताना किमान पाच पूर्ण औषधफेऱ्या झालेल्या हव्यात. रक्त, केमोथेरपी, इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं) आणि हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) इन्फ्युजन यांची परवानगी वेगळी, आणि बरीच नंतर.

प्रिसेप्टर: नाव ठरलेलं, ओझं कमी केलेलं

‘सगळ्या सीनियर शिकवतील’ म्हणजे कोणीच शिकवणार नाही. रोज वेगळ्या सिस्टरच्या मागे फिरणारी नवखी पाच जणींच्या पाच पद्धती बघते आणि सगळ्यात सोपी उचलते.

प्रत्येक नवखीला एक प्रिसेप्टर आणि तिच्या सुट्टीच्या दिवसांसाठी एक पर्यायी. प्रिसेप्टरने त्याच वॉर्डात किमान दोन वर्षं काढलेली असावीत. इन्चार्जला प्रिसेप्टर करू नका. जिच्या हातात रजा आणि अहवाल असतो, तिला ‘मला हे येत नाही’ म्हणणं अवघड जातं. दोघींच्या ड्यूट्या पहिले चार आठवडे एकत्र लावा. शिकवत असताना प्रिसेप्टरचे पेशंट एक-दोनने कमी करा आणि तिला ठरावीक भत्ता द्या, थोडका असला तरी चालेल. कौतुकाचं प्रमाणपत्र दिलं तर ती हसून घेईल, पण डबल ड्यूटीनंतर कोणाला शिकवायचं त्राण त्याने येत नाही.

निवडताना वॉर्डातली सगळ्यात हुशार सिस्टर घ्यायचा मोह होतो. हुशार बाई पटकन स्वतःच हातात घेते: ‘दे इकडे, पेशंट खोळंबलाय.’ व्हेन न मिळणाऱ्या हाताशी दोन मिनिटं गप्प उभी राहू शकणारी बाई शोधा.

बिघडतं ते असं: नवखी म्हणजे फुकटचा जास्तीचा हात, हे वॉर्ड दुसऱ्या आठवड्यात ओळखतो. मग सॅम्पल लॅबला नेणं, फार्मसीत इंडेंट (औषधांची मागणी-चिठ्ठी) घेऊन रांगेत उभं राहणं, डिस्चार्जच्या फाइली लावणं, यांतच तिचा दिवस जातो. ती कामं मामा-मावशींची (वॉर्डबॉय आणि आयांची) किंवा वाटून घ्यायची. इन्चार्जने आठवड्यातून एकदा नवखीला विचारावं, ‘आज वॉर्डाबाहेर किती वेळ होतीस?’ एका तासाच्या वर उत्तर आलं तर चूक वॉर्डाची.

कौशल्यपत्रक कसं भरायचं

एक कागद, चार रकाने: काम, पाहिलं, समोर उभं राहून करून घेतलं (किती वेळा), एकटीने करू शकते. शेवटच्या रकान्यात प्रिसेप्टरची सही आणि तारीख. आकडे प्रत्येक हॉस्पिटलने ठरवावेत. जनरल वॉर्डासाठी चालणारे असे: आयव्ही कॅन्युला दहा, फोलीज कॅथेटर (लघवीची नळी) पाच, आरटी (नाकातून पोटात घालायची नळी) तीन, रक्त चढवणं तीन, सक्शन पाच, ईसीजी पाच, अ‍ॅडमिशन आणि डिस्चार्ज प्रत्येकी पाच.

सही करताना हाताचं कौशल्य बघून थांबू नका. कॅन्युला गेली, ठीक. पण गुलाबी की निळी (रंगावरून जाडी कळते), का निवडली? नंतर तारीख टाकली का? दुसऱ्या दिवशी जागा लाल झाली तर काय करशील? दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा न करता दुसऱ्याला बोलावते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सही करायला किंवा न करायला पुरेसं आहे.

कॉलेजात शिकलेल्या काही गोष्टी विसरायला लावाव्या लागतात. आरटी पोटात आहे का हे बघायला सिरिंजने हवा मारून स्टेथोस्कोपने गुरगुर ऐकणं ही त्यातली ठळक. नळी फुफ्फुसात असली तरी गुरगुर ऐकू येऊ शकते. ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी असणं किंवा एक्स-रे, हाच भरवशाचा पुरावा, आणि पहिलं फीड त्याआधी नाही.

रक्त चढवण्याच्या वेळी पिशवी, फॉर्म आणि पेशंटचा पट्टा दोघींनी बेडजवळ ताडायचा, नर्सिंग स्टेशनवर नाही. फ्रीजमधून काढल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण. पहिली पंधरा मिनिटं सावकाश आणि पेशंटजवळ. पेशंटला ‘तुम्ही अमुक का?’ विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायला शिकवा.

श्वास मोजणं हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडा, सगळ्यांचा श्वास २०, झोपलेल्याचा आणि धापा टाकणाऱ्याचाही. प्रौढात श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त झाला, तर न्यूज स्कोअरमध्ये (पेशंट बिघडतोय का हे आकड्यांत मोजायच्या पद्धतीत) त्या एकाच आकड्याला ३ गुण मिळतात आणि डॉक्टरांना बोलवावंच लागतं. बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. नवखीने पूर्ण मिनिट, घड्याळ बघून, नाडी धरल्याचं नाटक करत मोजावं, म्हणजे पेशंट सावध होऊन श्वास बदलत नाही.

ओव्हर आणि डॉक्टरांना फोन

‘पाच स्टेबल, सहा स्टेबल, सातला थोडा ताप होता, आठचं डिस्चार्ज.’ हा ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं, नाही, ही हजेरी. ओव्हर बेडजवळ घ्यायचा. पट्टा, चालू सलाइन आणि त्याचा वेग, कॅन्युलाची जागा, युरिन बॅगमधलं माप, ड्रेन, पाठीची त्वचा हे डोळ्यांनी बघत घ्यायचं. दिलेलं औषध, राहिलेलं औषध, पाठवलेली आणि न आलेली तपासणी हे शब्दांत. एचआयव्हीसारखी माहिती मात्र बेडजवळ मोठ्याने नाही.

रात्री आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन करणं नवख्या नर्सला इंजेक्शन देण्यापेक्षा अवघड वाटतं. ‘सर, सात नंबर बरं वाटत नाहीये’ असं ती म्हणते, समोरून ‘बघतो’ येतं आणि तास जातो. फोनचं वाक्य तिच्याकडून पाठ करून घ्या, अगदी तालमीसारखं:

‘सर, फीमेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड सात, वय ६२, न्यूमोनिया, काल अ‍ॅडमिट. दहा वाजता श्वास २० होता, आता २८ आहे. तीन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८९, बीपी ९४-६०. दुपारी दोनपासून लघवी फक्त ८० मिली. मला काळजी वाटतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर मास्क लावू का?’

फोन उचलण्याआधी केस पेपर आणि चार्ट हातात, आकडे कागदावर. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर पुढचा फोन कोणाला, त्याच्यानंतर कोणाला, ही नावं टेलिफोनजवळ चिकटवलेली हवीत. आणि ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ असं कोणी डॉक्टर म्हणाले, तर त्याच्याशी बोलायचं काम मेट्रनचं, नवखीचं नाही.

‘कसंतरी होतंय’

महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांत केरळच्या आणि ईशान्येकडच्या नर्सेस वर्षानुवर्षं काम करतात. त्यांना हिंदी येतं, पण आजीला हिंदी येत नाही. दोन पानांचा मराठी कागद द्या, त्यात व्याकरण नको, तक्रारी हव्यात: मळमळतंय, गरगरतंय, कळ मारतेय, ठणकतंय, मुंग्या येतायत, धडधडतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, लघवीला आग होतेय, दम लागतोय. त्याखाली प्रश्न: कधीपासून? कुठे? बोटाने दाखवा. आधी असं झालं होतं?

‘जीव घाबरा होतोय’ आणि ‘कसंतरी होतंय’ या दोन वाक्यांना वेगळी चौकट करा. नवखी नर्स, मराठीसुद्धा, याचा अर्थ भीती असा घेते आणि ‘काही नाही होत, आजी, झोपा’ म्हणते. मधुमेह असलेल्या वयस्कर बाईच्या तोंडी हे वाक्य शुगर उतरल्याचं असू शकतं किंवा छातीत न दुखता आलेल्या हार्ट अ‍ॅटॅकचं. हे शब्द ऐकले की ग्लुकोमीटर, नाडी, बीपी, सॅच्युरेशन, ईसीजी आणि फोन. समजूत नंतर घाला.

नातेवाईक चढ्या आवाजात बोलू लागले की नवखीने एकटीने उत्तर द्यायचं नाही. दोन पावलं मागे, दाराकडे पाठ नको पण दार मोकळं, सीनियर आणि सिक्युरिटीला हाक. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार हॉस्पिटलने करावी. मुलीला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

सुई टोचली तर

हा परिच्छेद छापून प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये लावा. जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यांत उडालं तर पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवा. लगेच कॅज्युअल्टीत जा, वॉर्ड कोणीतरी सांभाळेल. गरज ठरली तर एचआयव्ही प्रतिबंधाचा पहिला डोस दोन तासांच्या आत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. औषध २८ दिवस चालतं: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर. एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी) आणि एचसीव्हीच्या (हेपॅटायटिस सी) तपासण्या त्याच दिवशी पाठवायच्या, नर्सच्या आणि जिच्या-ज्याच्या रक्ताची सुई होती त्या पेशंटच्याही, पेशंटच्या संमतीने. नर्सची हेपॅटायटिस बीची लस अपुरी असेल आणि पेशंट त्यासाठी पॉझिटिव्ह असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत.

पहिल्या डोसची औषधं कॅज्युअल्टीत चोवीस तास हवीत. फार्मसी सकाळी उघडते म्हणून रात्री दोनला टोचलेली सुई थांबत नाही. आणि हे सगळं फुकट, प्रश्न न विचारता. ‘बघून काम करता येत नाही का?’ हे एक वाक्य कोणी म्हटलं की पुढच्या सहा महिन्यांत टोचलेल्या सुयांची नोंदच होत नाही.

पहिली नाइट

सहाव्या आठवड्याच्या आधी नाही, आणि पहिल्या तीन नाइट प्रिसेप्टरबरोबर. डबल ड्यूटी नव्वद दिवस बंद. रात्री स्टाफ कमी, लॅब सावकाश आणि निर्णय एकट्याचे असतात. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळा लागतो आणि थेंबांचा वेग चुकतो. नाइटला येताच पहिल्या अर्ध्या तासात तपासायच्या गोष्टींची चिठ्ठी द्या: क्रॅश कार्टचं सील, डिफिब्रिलेटरची चाचणी, लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायच्या उपकरणाचा) बल्ब, सक्शन ओढतंय का, सिलेंडर भरलेला आणि त्याची चावी, टॉर्च, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. लॅरिंगोस्कोपचे सेल कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळात घातले आहेत, हे कोड ब्ल्यूच्या वेळी कळू नये.

चूक झाली तर, आणि चारदा बसून बोलणं

फुटलेल्या थर्मामीटरचे पैसे पगारातून कापणारं हॉस्पिटल चुकलेल्या डोसची खरी माहिती मिळण्याची अपेक्षा ठेवू शकत नाही. नव्वद दिवसांत झालेल्या चुकीसाठी दंड नाही, पण चोवीस तासांच्या आत लेखी नोंद सक्तीची. थोडक्यात टळलेल्या चुकाही लिहायच्या. नोंद वाचताना आधी प्रिसेप्टर कुठे होती आणि ड्यूटी चार्टवर त्या शिफ्टला रेघ पाळली होती का, हे बघा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

सातव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी मेट्रनने वीस मिनिटं बसावं, ऑफिसात नाही, चहा घेत. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘छान, मॅडम’ येतं. त्याऐवजी: या आठवड्यात कुठल्या कामाला हात लावताना भीती वाटली? कोणाला विचारायला नको वाटतं? कुठली गोष्ट तू एक प्रकारे शिकलीस आणि वॉर्डात दुसऱ्या प्रकारे होते? रात्री नीट झोप लागते का? तिसाव्या दिवशी रडू येणं नेहमीचं आहे. कॉलेजात एक पेशंट दिवसभर सांभाळणारी मुलगी इथे आठ पेशंटमध्ये धावते आणि आपण निकामी आहोत असं तिला वाटतं. त्या वेळी वॉर्ड बदलून देऊ नका. नवा वॉर्ड म्हणजे पुन्हा पहिला दिवस. प्रिसेप्टरशी जमत नसेल तर प्रिसेप्टर बदला.

नव्वदाव्या दिवशी कौशल्यपत्रक समोर ठेवून प्रिसेप्टर, इन्चार्ज आणि मेट्रन तिघी सह्या करतात. दोन-चार ओळी रिकाम्या असतील तर त्या कामांपुरती परवानगी रोखा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, पूर्ण मुदत वाढवायची गरज नसते. अर्ध्याहून जास्त रिकाम्या असतील, तर सहसा वॉर्डाने शिकवलेलं नसतं. ती मुदत वाढवा आणि इन्चार्जकडून लेखी कारण घ्या. पत्रकाची एक प्रत नर्सला द्या, दुसऱ्या नोकरीला जाताना तिच्या कामाला येईल. मूळ प्रत तिच्या फाइलमध्ये, आणि पुढच्या महिन्याच्या चार्टवर तिचं नाव रेघेच्या वर, अक्षरांच्या क्रमाने, बाकीच्यांसारखंच.